फायबरग्लासच्या नौकेची डागडुजी

भुसावळजवळील हतनूर धरणास ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यांत ते उघडले म्हणजे जळगांव व धुळें जिल्ह्यांतील तापीकांठच्या गांवांनीं सावध राहावयाचें असतें. अशा पुरांत उतरणारी नौका फायबरग्लासची असेल, तर तिच्या तळाची डागडुजी उन्हाळ्यांतच नीट झालेली असावी. भर प्रवाहांत ठिगळ सुटल्यावर तें पुन्हां बसविण्यास सवड मिळत नाहीं.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंचें, रेझिनमध्यें भिजवून घट्ट केलेलें कापड. पॉलिएस्टर रेझिनचा थर ताजा असतांना त्याचा पृष्ठभाग किंचित् चिकट राहतो. कारण हवेंतील प्राणवायु तेथील घट्ट होण्याची क्रिया अडवितो. त्यावर लवकरच दुसरा थर दिल्यास दोन्ही एकजीव होतात. पूर्ण घट्ट झालेल्या जुन्या थराशीं मात्र असा संयोग क्वचितच घडतो. तेथें नवा थर मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या आधारानेंच टिकतो. जुन्या गिलाव्यावर नवा चढविण्यापूर्वीं गवंडी टाचे मारतो, तें याच कारणासाठीं.

येथें कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. शेवटच्या थराच्या रेझिनमध्यें पुष्कळदां मेण घातलेलें असतें. तें वर येऊन हवेस अडवितें व पृष्ठभाग कोरडा होतो. म्हणून प्रथम अ‍ॅसिटोननें भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें पृष्ठभाग पुसावा व फडकें वारंवार बदलावें. आधींच घासल्यास मेण ओरखड्यांत भरतें आणि नवा थर धरत नाहीं. त्यानंतर ८० नंबरच्या किंवा त्याहून जाड्या कागदानें चकाकी जाईपर्यंत सर्वत्र घासावें. भोंकाच्या कडा थराच्या जाडीच्या सुमारें १२ पट रुंदीपर्यंत उतरत्या कराव्या. मग धूळ काढून, ओल नसल्याची खात्री करून, शक्यतों त्याच दिवशीं नवा थर द्यावा. जुन्या पृष्ठभागास पॉलिएस्टरपेक्षां एपॉक्सी अधिक घट्ट धरते.

घासण्यापूर्वीं अंगभर कपडे घालून नाकातोंडावर मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा चढवावा. अ‍ॅसिटोन चटकन् पेट घेतें; त्याजवळ बिडी वा दिवा नसावा.

ठिगळ बसविण्यास थोडा वेळ पुरतो. तयारीस अख्खा दिवस लागतो. रंग दिल्यावर घासलेला व न घासलेला तळ सारखाच दिसतो. त्यांतील भेद पुरांतच कळतो, आणि तेव्हां नौकेंत माणसें बसलेलीं असतात.