मैदानाच्या दारावरचा वशिला

(कोरेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोरेगावच्या सभेत टेनिसचा विषय निघावा, हे अनेकांस चमत्कारिक वाटेल. ज्या तालुक्यात आल्याचा भाव आणि पाण्याची पाळी हे घरोघरचे विषय, तेथे टेनिस हा जिमखान्यातला साहेबी खेळच मानला जातो. परंतु येथे प्रश्न चेंडूचा नाही, दाराचा आहे. स्पर्धेच्या आत कोणी यावयाचे हे कोण ठरवतो, कोणत्या नियमाने ठरवतो आणि त्याचा जाब त्याला कोण विचारतो, हा तो प्रश्न होय. सातारा जिल्ह्याला त्याची जुनी ओळख आहे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. असे असूनही 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड होईना. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून कमी गुण दिले गेले, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली आणि खाशाबांनी ती जिंकली. तरीही प्रवासखर्च उरलाच. गावाने वर्गणी काढली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पुढे खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही कथा गौरवाने सांगितली जाते, पण तिच्यातील अर्थ सहसा सांगितला जात नाही. खाशाबांना न्याय मिळाला तो कोणत्याही नियमाने नव्हे, एका महाराजाच्या मर्जीने. ज्याची दाद महाराजांपर्यंत पोहोचली नाही, अशा मल्लाचे नाव इतिहासात नाही. कारण जो आखाड्यात उतरलाच नाही, त्याचा पराभवसुद्धा नोंदला जात नाही. निवडीतील अन्यायाचे हेच वैशिष्ट्य आहे: त्याचा पुरावा मागे राहत नाही.

आता टेनिसकडे पाहू. हा खेळ क्रमवारीवर चालतो आणि क्रमवारी गुणांवर. वरकरणी यात वशिल्याला जागा नाही. परंतु प्रत्येक स्पर्धेत काही जागा आयोजकांच्या हाती राखलेल्या असतात. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धेत पुरुष एकेरीच्या 128 जागांपैकी आठ जागा अशा असतात. पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात (2021 चे वर्ष वगळून) जी महाराष्ट्र ओपन स्पर्धा भरली, त्या दर्जाच्या स्पर्धेत 28 जागांपैकी तीन. ही कार्डे क्रमवारीबाहेर, आयोजकांच्या विवेकाने दिली जातात. ज्याला विवेक म्हणावयाचे, त्याचे मर्जीत रूपांतर होण्यास फारसा अवधी लागत नाही.

या मर्जीचे मोल पैशातही मोजता येते. 2025 साली विंबल्डनच्या एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्यासही 66,000 पौंड मिळाले. उलट, व्यावसायिक टेनिसच्या तळच्या पायरीवर अशा स्पर्धा असतात की ज्यांच्या बक्षिसाची संपूर्ण रक्कमच 15,000 डॉलर असते आणि ती सर्व खेळाडूंत वाटली जाते. म्हणजे एका कार्डाने मिळणारी हमी ही तळच्या अख्ख्या स्पर्धेच्या रकमेच्या पाचपटीहून अधिक. अर्थशास्त्रात अशा प्राप्तीला खंड म्हणतात: श्रमाने न मिळवता केवळ जागेच्या ताब्यामुळे मिळालेले उत्पन्न. शिवाय हा खंड वाढत जाणारा आहे. प्रवेश मिळाला की गुण मिळवण्याची संधी मिळते. गुण मिळाले की पुढचा प्रवेश हक्काने मिळतो. पहिले दार ज्याला फुकट उघडले, त्याला पुढची दारे आपल्या गुणवत्तेनेच उघडली असे वाटू लागते आणि जगालाही तसेच दिसते.

येथे नात्यागोत्याचा प्रश्न येतो. तो सावधपणे मांडला पाहिजे, कारण घराणे दिसले की वशिला समजणे हाही अन्यायच आहे. रामनाथन कृष्णन 1954 साली विंबल्डनचे कुमार विजेते झाले आणि 1979 साली त्यांचे पुत्र रमेश यांनी तेच विजेतेपद मिळवले. पित्याने मुलाला विद्या दिली, जागा दिली नाही. सामने मुलाने स्वतः जिंकले. परंतु जेथे संघटनेची सत्ताच घरात राहते, तेथे प्रश्न वेगळा होतो. दिल्लीच्या टेनिस स्टेडियमला ज्यांचे नाव आहे, ते आर. के. खन्ना अखिल भारतीय टेनिस संघटनेचे दीर्घकाळ पदाधिकारी होते. पुढे त्यांचे पुत्र अनिल खन्ना हेही तिचे अध्यक्ष झाले. परदेशातही 2021 साली बेलग्रेडच्या स्पर्धेचे संचालकपद नोव्हाक जोकोविच यांच्या धाकट्या भावाकडे होते. यांपैकी कोणी कोणावर मेहेरबानी केली, असा आरोप येथे नाही. मुद्दा इतकाच की, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे घर एक असण्याचा संभव जेथे आहे, तेथे चांगुलपणावर विसंबणे ही व्यवस्था नव्हे.

राष्ट्रांचीही सोयरीक असते. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका या देशांच्या संघटना आपापल्या मोठ्या स्पर्धेतील एकेक कार्ड परस्परांच्या खेळाडूंना देतात. ज्या देशात अशी स्पर्धाच नाही, त्याच्याजवळ बदल्यात देण्यासारखे काही नाही. श्रीमंत घरांतील लग्नात आहेराला आहेर फिरतो. गरीब पाहुणा मांडवाबाहेर उभा राहतो.

मग वाइल्ड कार्ड ही पद्धतच रद्द करावी काय? उत्तर सोपे नाही. खाशाबांच्या पदकानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास 44 वर्षे लागली. ते 1996 साली अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले आणि त्या स्पर्धेत त्यांचा प्रवेश वाइल्ड कार्डानेच झाला होता. 2001 साली गोरान इव्हानिसेविच असेच कार्ड घेऊन विंबल्डन जिंकले. म्हणजे पहिले पदक आणणाऱ्याला निवडणाऱ्यांनी जवळजवळ बाहेर ठेवले होते, तर दुसरे आणणाऱ्याला विवेकाधिकाराने आत घेतले. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, विवेकाधिकार हा दोष नाही. जाब न देणारा विवेकाधिकार हा दोष आहे.

आयोजक म्हणतात, पैसा आमचा, प्रेक्षक आम्ही जमवतो, मग तीन जागा आमच्या मर्जीच्या का नसाव्यात? पैसा सर्वस्वी खासगी असता तरी हा युक्तिवाद लंगडाच ठरला असता. पण बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले आहे. ज्या मैदानात कोरेगावच्या शेतकऱ्याच्या कराचा अंश आहे, त्याच्या दारावर कोणाच्या मेहुण्याला उभे करावयाचे हा खासगी प्रश्न राहत नाही.

मागण्या अवघड नाहीत. सार्वजनिक मैदानावरील प्रत्येक स्पर्धेत कार्ड कोणाला व का दिले, हे सोडतीपूर्वी जाहीर व्हावे. समितीतील कोणाचा नातलग वा शिष्य इच्छुक असेल, तर त्या सदस्याने त्या निर्णयात भाग घेऊ नये. निदान एक कार्ड तरी खेळून जिंकण्याची स्पर्धा असावी. ऑस्ट्रेलियन ओपनने आशियाई खेळाडूंसाठी अशी स्पर्धा भरवलेली आहे. आणि वगळलेल्या खेळाडूला फेरलढतीचा वा अपिलाचा हक्क असावा. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची आणि कार्यकारिणीत खेळाडूंच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली आहे. तिचा उपयोग किती होतो, हे पाहणे जागरूक नागरिकांचे काम आहे.

साताऱ्याच्या मुलांनी अलीकडे कोठे नाव काढले, हेही पाहण्यासारखे आहे. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव धनुर्धर म्हणून टोकिओला गेले. साताऱ्याच्या अदिती स्वामी 2023 साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेत्या झाल्या. एकीचा निकाल घड्याळाने दिला, इतरांचा लक्ष्यफलकाने. घड्याळ कोणाचे आडनाव विचारत नाही. जेथे मोजमाप उघड असते तेथे गरिबाचे मूल पुढे येते, ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. टेनिस संघटनेला जाब विचारणाऱ्यांनी आपला उंबरठाही तपासला पाहिजे. सहकारी संस्थेतील नोकरभरती, शाळेचा संघ, पंचायतीची उमेदवारी, इतकेच नव्हे तर समाजवादी पक्षांतील तिकिटेसुद्धा कोणत्या नियमाने दिली जातात? तेथेही वाइल्ड कार्डे आहेत. फक्त त्यांना तसे नाव नाही. कार्यकर्त्याने आपल्या मुलासाठी कारखान्याच्या संचालकाकडे चिठ्ठी मागावी आणि मग घराणेशाहीवर ठराव मांडावा, हे लोकांना दिसते. खाशाबांनी दान मागितले नव्हते, फेरलढत मागितली होती. तीच मागणी प्रत्येक मुलाच्या वतीने, आपल्या मुलाच्या आधी शेजाऱ्याच्या मुलाच्या वतीने, ज्या दिवशी कार्यकर्ता करील, त्या दिवशी त्याच्या शब्दाला वजन येईल.