सावध की घाबरट?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



दूध आटेपर्यंत बोल, असं अध्यक्षांनी सांगितलंय. विषय आहे आपला मूळ स्वभाव, त्यातलं बळ आणि आपलं वागणं. मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी कन्सल्टिंग करतो. पॉवरपॉइंटशिवाय उभा राहिलो हेच खूप झालं.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसात सगळ्यांना 'क्लिफ्टन स्ट्रेंग्थ्स' नावाची चाचणी द्यायला लावली. डोनाल्ड क्लिफ्टन हे नेब्रास्का विद्यापीठात शिकवत. माणसात काय बिघडलंय ते सगळेच शोधतात, काय चांगलं आहे ते का शोधू नये, असा त्यांचा विचार. २००१ साली मार्कस बकिंगहॅम यांच्याबरोबरच्या पुस्तकामुळे ही चाचणी सर्वांपर्यंत पोचली. (ते पुस्तक लायब्ररीतून फुकट आणून उपयोग नाही, मागचा कोड एकदाच चालतो. मी बघितलंय!)

विधानांच्या १७७ जोड्या, प्रत्येकीला २० सेकंद. म्हणजे विचार करायला सवडच नाही. शेवटी ३४ गुणांपैकी आपले पहिले पाच हातात येतात. गुण म्हणजे सद्गुण नव्हेत बरं का. कुणी न सांगता आपलं मन पुनःपुन्हा ज्या वळणाने जातं, ते वळण. पाच गुणांचे क्रमासकट प्रकार होतात ३ कोटी ३३ लाख ९० हजार ७२०. हिशोब मी केला, कारण सवय. अर्थात उत्तरं आपणच द्यायची आणि स्वभावही आपलाच कळणार. त्यामुळे पत्रिकेसारखा विश्वास ठेवू नका.

माझा पहिला गुण निघाला 'डेलिबरेटिव्ह'. पाऊल टाकण्याआधी धोका बघणारा. बायको हसत सुटली. घर घेताना मी ४१ रकान्यांची एक्सेल शीट केली होती, आणि ती भरेपर्यंत दोन घरं विकली गेली. तिचा पहिला गुण 'अ‍ॅक्टिव्हेटर', म्हणजे आधी सुरू करा, मग बघू. आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या दिवशी उलगडली. मिटली नाहीत, उलगडली.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका क्लायंटकडे शुक्रवारी रात्री नवी सिस्टिम सुरू करायची होती. काही चुकलंच तर जुन्या डेटावर परत कसं यायचं, हे नीट तपासलेलं नव्हतं. मला ते दिसत होतं. पण 'तू फार निगेटिव्ह बोलतोस' असं रिव्ह्यूमध्ये दोनदा ऐकलं होतं, म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसलो. शनिवारी सकाळी प्रत्येक ऑर्डर दोनदा नोंदलेली! पुढचे तीन दिवस मी घरी फक्त आंघोळीला आलो. जे मला उत्तम जमतं, तेच मी दोष समजून दाबून टाकलं होतं.

इतकं कळूनही शहाणपण आलं म्हणाल तर नाही. गेल्या वर्षी गणपतीत माझा नऊ वर्षांचा मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणायला स्टेजच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलंय. गाडीत बसल्यावर मी त्याला 'घाबरट' म्हणालो. एकदा नाही, तीनदा. तो काहीच बोलला नाही. बायको म्हणाली, "तू ऑफिसात करतोस त्याला डेलिबरेटिव्ह म्हणायचं, आणि त्याने केलं की घाबरट?"

मला उत्तर सुचलं नाही. लहानपणी सांगलीला विहिरीच्या काठावर मीही असाच उभा राहायचो, आणि काका हाच शब्द वापरायचे. अजून आठवतं.

बरेच दिवस मी विषय काढला नाही. मग एकदा विचारलं, "तेव्हा पायरीवर काय झालं रे?" तो म्हणाला, "बाबा, माइक कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि पाठ झालेलं विसरलो तर कुणाकडे बघायचं ते ठरलं नव्हतं." अगदी माझ्या शुक्रवारसारखं!

नऊ वर्षांच्या मुलाला सगळं आधी ठरवून मिळावं असं मी म्हणत नाही. कधी न बघताही उडी मारावी लागते, आणि ते शिकवायला त्याची आई आहेच.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने आपणहून नाव दिलंय. काल मला विचारलं, हॉल रिकामा असताना एकदा बघायला मिळेल का? तेव्हा हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांनी दूध घेऊन झाल्यावर कृपया मला भेटा.