अपडेट करू की नको?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मधुमेह, मृत्युपत्र, योगासनं अशा व्याख्यानांच्या रांगेत समितीने माझा हा विषय बसवला याचं मला थोडं आश्चर्यच वाटलं. पण गेल्या काही महिन्यांत लिफ्टमध्ये मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांतले निम्मे एकच होते. "अहो, कॉम्प्युटर सारखा अपडेट करा, अपडेट करा म्हणतोय. करू की नको?" माझी सगळी नोकरी एका बँकेच्या संगणक विभागात गेली, त्यामुळे विचारणारे माझ्याकडे येतात हे बरोबरच आहे. फक्त लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज हा पाऊण तास मागून घेतला.

अपडेट दोन तऱ्हेचं असतं, हे आधी लक्षात घ्या. पहिलं म्हणजे प्लंबर येऊन गळका नळ दुरुस्त करून जातो तसं. विंडोजचं हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. ते लहान असतं आणि बहुतेक वेळा कळतही नाही. दुसरं म्हणजे रिडेव्हलपमेंट. विंडोज १० वरून ११ वर जाताना कॉम्प्युटर जुन्या घराला रंग काढत नाही. तो नवं घर शेजारी बांधतो, जुनं उचलून 'विंडोज ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मग तुमचे फोटो, फायली, प्रोग्राम, सेटिंग सगळं एकेक करून नव्या जागेत लावतो. जुनं घर साधारण १० दिवस तसंच उभं असतं. तेवढ्या दिवसांत परत जाता येतं, नंतर ते पाडलं जातं. हे १० दिवस पुष्कळांना ठाऊकच नसतात. "बघू, सुधारेल हळूहळू" म्हणत दोन आठवडे काढतात आणि पंधराव्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजते.

सामान हलवताना काय होतं, हे ज्यांनी चाळ सोडून इथे बिऱ्हाड आणलं त्यांना मी काय सांगणार? कपाटातलं सगळं पोचतं. हरवतं ते माळ्यावरचं.

२०१८ च्या २ ऑक्टोबरला विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं, त्यात अगदी हेच घडलं. सी ड्राइव्हवर जागा कमी म्हणून काही लोकांनी आपलं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर डी ड्राइव्हवर नेलेलं होतं. नेताना काही फायली मूळ जागीच राहिल्या होत्या. अपडेटने हिशेब केला, या माणसाचा पत्ता आता बदललाय, म्हणजे जुनी खोली रिकामीच असणार. आणि पुसून टाकली. आत कोणी आहे का म्हणून कडी वाजवून पाहिली नाही. चारेक दिवसांत मायक्रोसॉफ्टने ते वाटप थांबवलं, आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच आहेत, असं कंपनीने सांगितलं. आकडा खराच असेल. पण ज्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले त्याच्यापुरता तो शंभर टक्केच असतो. मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. हे अपडेट सगळ्यांना देण्याआधी हौशी मंडळी ते तपासून बघतात. त्यांच्यातल्या काहींनी हा दोष आधीच कळवला होता. पण त्या तक्रारीला पुरेशी मतं मिळाली नाहीत, म्हणून ती ढिगाऱ्यात खाली राहिली. आपल्या सर्वसाधारण सभेत शेवटच्या विषयाचं जे होतं, तेच तिचं झालं.

आता कोणी म्हणेल, मग 'नको' म्हणायचं की सरळ! तेही सोपं नव्हतं. २०१५ च्या जुलैत विंडोज १० निघाली, वर्षभर ती फुकट होती, आणि ती घ्या म्हणून पडद्यावर खिडकी यायची. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी बंद, म्हणजेच 'नको', असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. २०१६ मध्ये त्या खिडकीत फुली दाबली तरी ठरल्या वेळी अपग्रेड होणारच, असा अर्थ धरला गेला. कॅलिफोर्नियात छोटा प्रवास-व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईंचा कॉम्प्युटर न विचारता झालेल्या अपग्रेडनंतर कामातून गेला. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना १०,००० डॉलर मिळाले. कंपनीने अपील मागे घेतलं. मला त्या बाईंचं कौतुक वाटतं. आपण अशा वेळी "जाऊ दे" म्हणतो.

हे ऐकून उद्या सकाळी सगळे अपडेट बंद करून बसाल, तर तेही मला नकोय. २०१७ सालच्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी लावलं नाही, ते सापडले. त्याच वर्षी २७ जूनला दुसरं एक आलं, आणि त्यात आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. तो हल्ला पसरला कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! चोर वॉचमनच्या गणवेशात आला. म्हणजे लावलं तरी भीती, नाही लावलं तरी भीती. अशा वेळी मी एकच विचारतो, उद्या हा डबा उघडलाच नाही, तर आपलं काय काय जाईल?

याचं उत्तर आपल्या सोसायटीने एकदा चांगलंच अनुभवलं आहे. नव्या सभासदांना ते माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००५ च्या २६ जुलैला तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं, कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या इतिवृत्ताच्या वह्यांचा लगदा झाला. पहिल्या पाच वर्षांच्या सभा कागदावर उरल्याच नाहीत. पण तेव्हाचे सेक्रेटरी इतिवृत्त घरी कॉम्प्युटरवर टाइप करायचे. ते राहायचे पाचव्या मजल्यावर, त्यामुळे फायली वाचल्या. त्यांची सीडी ऑफिसला आली, मग नव्या कॉम्प्युटरवर गेली, आणि आपण निश्चिंत झालो. २०१६ साली त्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली चढवली गेली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी जुनं इतिवृत्त उघडलं, तर पानभर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, चौकोन. कोणतं सॉफ्टवेअर, कोणी विकलं, ती नावं इथे घेत नाही.

झालं होतं ते असं. त्या काळातल्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नसायचंच. आत इंग्रजीची जागा, वरून मराठी अक्षराचा मुखवटा. मुखवटा म्हणजे तो फॉन्ट. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर मागच्या बाजूला लावायच्या छोट्या किल्लीवर, डोंगलवर, चालायचं. नव्या प्रणालीने ती किल्ली ओळखली नाही. मुखवटा गळाला आणि खालचा चेहरा कोणालाच वाचता येईना. युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे असा घोटाळा होत नाही. पण आमच्या फायली त्याआधीच्या पद्धतीतल्या होत्या.

नेमक्या त्याच पंधरवड्यात सी विंगमधल्या एक वहिनी ऑफिसात आल्या. यजमान नुकतेच गेले होते. फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव लावायचं होतं. यजमानांनी नामनिर्देशन केल्याचं त्यांना आठवत होतं, २००३ च्या सुमारास. अर्जाची प्रत सापडत नव्हती, आणि समितीच्या सभेत त्याची नोंद झाली असेल तर ती त्या टोप्यांच्या आड. दिराकडची मंडळीही चौकशी करून गेली होती, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी खाली यायच्या आणि बाकावर बसायच्या.

इंजिनियरिंगला असलेली आपली तीन मुलं मग कामाला लागली. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम मिळतात, त्यातला एक त्यांनी लावला. मजकूर आला, पण कसा? पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर, रफार भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली. 'थकबाकीदार वर्ग' ओळखायला पाच मिनिटं. बी विंगमधल्या निवृत्त शिक्षिकाबाई लाल पेन घेऊन बसल्या, आणि सव्वादोनशे पानं तपासून दिली. अठराव्या दिवशी २००३ च्या सप्टेंबरमधल्या सभेचा ठराव सापडला. सभासदाचं नाव, फ्लॅट नंबर, नामनिर्देशिताचं नाव, सगळं स्पष्ट. बाईंनी तो ठराव मोठ्याने वाचला, तेव्हा ऑफिसात पाच-सहा जण होते, आणि एकही जण बोलला नाही.

आता आजचं. विंडोज १० ला मिळणारी मोफत दुरुस्ती २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपली. घरगुती वापराला एक वर्षाची वाढीव मुदत मागून घेता येते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. साधारण २०१८ च्या आधी घेतलेला कॉम्प्युटर असेल तर तो बहुधा बसणार नाही. इंटरनेटवर पळवाटा मिळतात, पण सोसायटीच्या मशीनवर त्या लावायला मी हात लावणार नाही. ऑफिसचा कॉम्प्युटर २०१५ चा आहे, म्हणून नवा घ्यावा असं मी समितीला लेखी दिलंय. जुना फेकायचा नाही. त्याचं इंटरनेट काढायचं आणि तो जुन्या प्रिंटरसाठी ठेवायचा, कारण नव्यावर तो प्रिंटर चालेलच असं नाही.

घरी तुम्ही काय कराल? महिन्याचं छोटं अपडेट येऊ द्या. मोठं आलं की 'पॉज' करून दोन-तीन आठवडे थांबा, तोवर पहिल्या रांगेतल्यांचे हाल कळतात. करण्याआधी फोटो आणि कागद वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेला ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. आणि बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आजच कागदावर लिहा. अपडेटनंतर कधी कधी मशीन तीच मागतं, आणि ती त्याच मशीनमध्ये साठवली असेल तर चावी आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं. "तुमचं अपडेट अडकलंय, मी कंपनीतून बोलतोय" असा फोन आला, तर ठेवून द्या. कंपनी असा फोन करत नाही.

येत्या रविवारी सकाळी १० ते १ मी ऑफिसात बसणार आहे. लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि एक मोकळा ड्राइव्ह घेऊन या. ए विंग आधी. ज्यांना जिना चढ-उतर जमत नाही त्यांनी वॉचमनकडे नाव द्यावं, ती तीन मुलं आता नोकरीला लागली आहेत, पण त्यांतली दोघं रविवारी घरी असतात आणि वर येऊन बघायला तयार आहेत.