मॅडम शेजारी बसल्या होत्या

मी सॉफ्टवेअरवाला. पण आज बोलणार आहे एका सरकारी रुग्णालयातल्या नेत्रविभागाच्या प्रमुख मॅडमबद्दल. त्यांचं नाव ऐकूनच अम्मीला मोतीबिंदूसाठी तिथे नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात कळलं, ऑपरेशन निवासी डॉक्टर करणार. मी चिडलो, "माझ्या आईवर शिकणार का?"

मॅडम म्हणाल्या, "मी शेजारीच बसते. पण हिला आज शिकवलं नाही, तर उद्या तालुक्याला डोळे कोण करणार?"

आमच्याकडेही नव्या मुलाचा कोड सिनियर तपासतो, पण चुकलेला कोड मागे घेता येतो. भिंगामागचं पातळ आवरण फाटलं की फाटलं. म्हणून मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून मॅडमचा डोळा सतत आत. भूल डोळ्यापुरतीच, त्यामुळे अम्मीला सगळं ऐकू येत होतं : "हळू... थांब... आता मी घेते... हं, कर पुढे."

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. आपण ऑपरेशनं मोजतो. हे शिकवणं कुठे मोजतो?

एक मात्र मी सुनावलंच : हे अम्मीला आधी सांगायला हवं होतं. "बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्यांनी अम्मीलाच विचारलं.

"तीच पोरगी करू दे," अम्मी म्हणाली, "पण तुम्ही बसा."