रोजनिशी आणि मनःस्वास्थ्य
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या बहुतेक घरांत जमाखर्चाची वही असते. दूध, किराणा, रेल्वेचा पास, मुलांची फी, सारे तीत तारखेनिशी उतरते. परंतु त्या दिवशी मनात काय साचले, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा नोकरदार सकाळच्या गर्दीत मुंबईस जातो व रात्री थकून परततो. कचेरीत गिळलेला अपमान मग घरच्या माणसांवर रागाच्या रूपाने निघतो.

यावर रोजनिशी हा एक साधा उपाय आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लेखन करवून घेतले. ज्यांनी आयुष्यातील दुःखद प्रसंग आणि त्यासंबंधीच्या भावना, दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर प्रथम खिन्नता वाटली. तथापि पुढील सहा महिन्यांत क्षुल्लक विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली.

आपल्याकडेही शोकानंतरच्या लेखनाचे उदाहरण आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले. रमाबाईंनी त्यांच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या व १९१० साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्याच काळात पुण्याच्या सेवासदनाचे कार्यही त्या करीत होत्या.

लिहिण्याची रीत सोपी आहे. तारीख घालावी, काय घडले, मनास काय वाटले आणि उद्या काय करता येईल, हे लिहावे. शुद्धलेखनाची चिंता नको. मात्र तेच दुःख रोज उगाळण्यासाठी वही नसावी.

आता वडीलधाऱ्यांस एक कळकळीची विनंती. दोन खोल्यांच्या घरात सुनेला किंवा दहावीतील मुलाला स्वतःचा असा कोपरा नसतो. निदान त्यांची वही तरी त्यांचीच राहू द्या. ती चोरून वाचाल, तर त्यात खरे कधीच उतरणार नाही, आणि तुमच्याशी बोलणेही बंद होईल.

वही म्हणजे वैद्य नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. त्यात कुळाला कसलाही कमीपणा नाही.

येत्या वर्षी जमाखर्चाच्या वहीबरोबर प्रत्येक घरात मनाचीही एक वही असावी, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.