खुल्या आज्ञावलीचे पहिले पाऊल



शिक्षण स्वस्त व सुलभ व्हावे, या हेतूने चिपळूणकर व टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. शनिवार पेठेत रमणबागेत ते आजही चालू आहे. खुल्या आज्ञावलीमागील भावना याहून वेगळी नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची आज्ञावली सर्वांस खुली केली. जगभरच्या जाणकारांनी तीत भर घातली.

असे योगदान देण्यास नुसते आज्ञावली-लेखन पुरत नाही. दुसऱ्याची आज्ञावली वाचणे, दोष नेमका नोंदविणे, छोटी दुरुस्ती तपासून पाठविणे आणि जाणत्यांच्या सूचना न रागावता स्वीकारणे, हे शिक्षकांनी शिकविले पाहिजे. पडद्यावर मराठी जोडाक्षर चुकीचे उमटले, तर ते मराठी मुलालाच प्रथम खटकेल. त्याची तयारी नसेल, तर ते सुधारणार कोण?