थेंब आले कुठून?

मी एका बचत गटाची समन्वयक. आज आमच्या गटाची एक चूक तुम्हाला सांगणार आहे. ती आम्हाला कळली शाळेतल्या एका प्रयोगामुळे.

आमचा गट थालीपिठाची भाजणी विकतो. गेल्या पावसाळ्यात वीस किलो माल परत आला. पिशव्यांत गुठळ्या, कुबट वास, काहींत तर बुरशी. बैठकीत सगळ्यांचं बोट एका मावशींकडे गेलं, कारण पिशव्या त्या भरायच्या. "ओल्या हातानं भरलं असणार!" मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात शाळेत पालकांना बोलावलं होतं. सहावीच्या मुली पदार्थाच्या अवस्था दाखवत होत्या. पातेल्यात कुंकू कालवलेलं गरम पाणी, वर ताटली, ताटलीत बर्फ. थोड्या वेळानं ताटली उचलली, तर खालच्या बाजूला थेंब! पण लाल नव्हेत, अगदी स्वच्छ. माझी लेक म्हणाली, "आई, पाणी उडालं असतं तर थेंब लाल असते. पाण्याची वाफ झाली, कुंकू खालीच राहिलं. वाफ थंड ताटलीला लागली आणि तिचं परत पाणी झालं. याला संघनन म्हणतात."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पिशव्या आल्या. गिरणीतून पीठ गरम यायचं आणि आम्ही घाईनं तसंच भरून पिशवी बंद करायचो. धान्य भाजलं तरी त्यात थोडा ओलावा राहतोच. त्याची वाफ जाणार कुठे? पिशवी गार झाली की आतच पाणी!

मग बैठकीत आम्ही दोन पिशव्या भरल्या. एकीत गरम पीठ, दुसरीत गार. सकाळी गरम पिठाच्या पिशवीला आतून दव धरलं होतं. दुसरी कोरडी. हात तर तेच होते!

आम्ही मावशींच्या घरी गेलो, चूक कबूल केली. आता पीठ गार झालं की नाही, हे त्याच ठरवतात.

तर मैत्रिणींनो, भाजणी असो, मसाला असो की चकली, स्वच्छ कोरड्या कापडावर पातळ पसरा. हाताला पूर्ण गार लागलं की लगेच भरा. पावसाळ्यात फार वेळ उघडंही ठेवू नका, हवेतली ओल धरते. बुरशी आलेला माल चाळून विकू नका, फेकून द्या.

आणि माल बिघडला, तर माणसावर बोट ठेवण्याआधी कारण शोधा.